आमच्या बाजूने क्लिअर आहे

काका पहिल्यांदा आमच्या हॉस्पिटलात आले, तेव्हा आधी त्यांचं बीपी मोजलं गेलं आणि मग आमचं टेलिफोन एक्स्चेंज दुरुस्त झालं.

झालं असं, की गेटवरच्या नव्या वॉचमनने त्यांना सांगितलं, "टोकन लिए बिना अंदर नहीं जाने का." काकांचा नियमांवर फार विश्वास. त्यांनी गुपचूप टोकन घेतलं, ओपीडीच्या बाकावर पाऊण तास बसले आणि नंबर पुकारल्यावर आत गेले. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत सिस्टरने त्यांच्या दंडाला पट्टा बांधलासुद्धा.

"काय त्रास होतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काही नाही. त्रास आपल्या एक्स्चेंजला आहे. सदर तक्रार आपल्याच कार्यालयाकडून प्राप्त झाली आहे."

डॉक्टरांनी मशीनवरचा आकडा बघितला आणि म्हणाले, "एक्स्चेंज राहू द्या. तुम्ही बसा."

त्या दिवसापासून काकांना बीपीची गोळी सुरू झाली. "बाकीची गिऱ्हाइकं मला दुरुस्तीला बोलावतात," ते सगळ्यांना सांगायचे, "या हॉस्पिटलनं आधी माझी दुरुस्ती केली."

मी मिरा रोडच्या त्या हॉस्पिटलात सकाळच्या पाळीची टेलिफोन ऑपरेटर होते. भाईंदर पूर्वेला घर, सासूबाईंच्या ताब्यात मुलं सोपवायची आणि साडेसातला जिन्याखालच्या माझ्या खोलीत हजर. खोली कसली, कोनाडाच. एका बाजूला मी आणि माझा बोर्ड, दुसऱ्या बाजूला काचेच्या दरवाजाआड कपाटाएवढं एक्स्चेंज. हॉस्पिटलातले दीडशे फोन त्या कपाटातून जायचे. काका त्या कपाटाचे वैद्य. टेलिफोन खात्यातून स्वेच्छेने निवृत्त झालेले, आणि आता इकडच्या हॉटेलांची, सोसायट्यांची, हॉस्पिटलांची एक्स्चेंजं सांभाळायचे. मूळचे घोडबंदरकडच्या चेणे गावचे, घरची भातशेती. क्रीम रंगाचा सफारी शर्ट, खिशाला दोन पेनं आणि मध्ये एक छोटा स्क्रूड्रायव्हर. त्या स्क्रूड्रायव्हरने एकदा त्यांनी चेकवर सही करायचा प्रयत्न केलेला मी बघितलाय.

काका तीन भाषा बोलायचे. हॉस्पिटलच्या लोकांशी खात्याची मराठी: "सदर वाहिनी कार्यरत झालेली आहे." लाइन पुरवणाऱ्या कंपनीच्या पोरांशी हिंदी, आणि प्रत्येक पोरगा 'बेटा'. आणि मशीनशी मात्र घरची बोली. काचेच्या दरवाजाआडून मला रोज ऐकू यायचं, "काय झाला रं? आयकतंय का न्हाय? कोन ओरडला तुला?" पहिलं वर्षभर माझ्याशी ते खात्याच्या मराठीत बोलले. मी 'आपण' होते. मग एक दिवस सहज म्हणाले, "बाय, जरा च्या सांग," आणि मला कळलं, आपल्याला मशीनच्या बरोबरीचा मान मिळाला.

त्यांचा एकच प्रश्न असायचा: "समोर काय हाय?" कुठलीही वायर जोडायच्या आधी, कुठलंही बटण दाबायच्या आधी, पलीकडे काय आहे ते त्यांना कळलंच पाहिजे. पलीकडचं यंत्र कसं बोलतं, किती वेगानं बोलतं, कुणाच्या तालावर चालतं, ते बघून मग आपल्या यंत्राची सेटिंग लावायची. नुसती वायर खोचली आणि चालू झालं, असलं त्यांना पाप वाटायचं. नव्या मशीनवर 'ऑटो' अशी सेटिंग असते, यंत्र स्वतःच ठरवतं म्हणे. त्यावर काकांचा फार राग. "ऑटो भाईंदर स्टेशनबाहेर उभी असते," ते म्हणायचे. "चार डोकी भरल्याशिवाय हलत न्हाय. मशीनात कशाला पायजे?"

माणसांच्या बाबतीतही हेच. फार्मसीतल्या माणसाला जरा कमी ऐकू यायचं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर मुळातच ओरडून बोलायच्या. दोघांचं रोज भांडण. एक म्हणणार "बोला की नीट", दुसरी म्हणणार "बहिरे आहात का?" काकांनी कुणाला न सांगता फार्मसीच्या फोनचा आवाज वाढवला आणि सिस्टरांच्या फोनचा माइक कमी केला. दोन महिने तिसऱ्या मजल्यावर शांतता. सगळ्यांना वाटलं, सिस्टर कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या. मग रंगकाम निघालं आणि पेंटरांनी दोन्ही फोन काढून परत लावताना अदलाबदल केली. त्या दिवशी फार्मसीच्या माणसाने राजीनामा लिहिला होता. काका धावत आले, फोन बदलले, राजीनामा परत गेला. त्यांनी सर्व्हिस रिपोर्टमध्ये लिहिलं, "उभय पक्षी सलोखा पुनर्स्थापित."

हे सर्व्हिस रिपोर्ट हा काकांचा दुसरा छंद. प्रत्येक भेटीनंतर पानभर मजकूर, खाली अॅडमिन साहेबांची सही हवीच. साहेब न वाचता सही करायचे, हे काकांच्या मनाला लागायचं. एकदा त्यांनी मधल्या ओळीत लिहिलं, "सदर एक्स्चेंजने जिलेबीची मागणी केली असून ती मंजूर समजावी." साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली. दुसऱ्या दिवशी काका अर्धा किलो जिलेबी घेऊन हजर. मी आणि दुपारच्या पाळीची ऑपरेटर, आम्ही दोघींनी एक्स्चेंजच्या वतीने खाल्ली. साहेबांना नेऊन दिली तर म्हणाले, "काय, मुलाचं लग्न ठरलं का?" काका म्हणाले, "नाही, आपणच मंजूर केली आहे."

ते जेवायला आमच्याच खोलीत बसायचे. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. वरच्या एसीच्या नळीतून तो वास थेट पहिल्या मजल्यावरच्या कॉन्फरन्स रूममध्ये जायचा. एकदा मोठ्या डॉक्टरांची मीटिंग मध्येच थांबली. चौकशी झाली, परिपत्रक निघालं. काकांनी परिपत्रक वाचलं, डबा बंद केला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "वायर नसताना पन माल किती लांब जातो बग."

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्या नव्या लाइनची.

सहा-सात वर्षं झाली असतील. हॉस्पिटलने बाहेरची मुख्य लाइन एका नव्या कंपनीकडे दिली. एकाच वायरीतून एका वेळी तीस जण बोलू शकतात, अशी ती लाइन. बुधवारी कंपनीची माणसं डबा लावून गेली आणि काकांनी आमच्या एक्स्चेंजमधलं कार्ड त्या डब्याला जुळवलं. पूर्वीची लाइन जाड गोल केबलवरून यायची, नवी साध्या बारीक वायरीवरून. म्हणून कार्डावर दोन इवल्याशा प्लॅस्टिकच्या टोप्या असतात, जंपर म्हणतात त्यांना, त्या एका जागेवरून काढून दुसरीकडे बसवाव्या लागतात. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. काकांनी ते काम केलं, रिपोर्ट लिहिला, सही घेतली आणि गेले.

गुरुवारी सकाळपासून लाइन दर चार मिनिटांनी पडायला लागली.

बोलता बोलता आधी कट-कट आवाज, मग एकदम शांतता. कार्डावर लाल दिवा. मिनिटभराने परत सुरू. एका वेळी पंधरा-वीस कॉल एकदम तुटायचे आणि मग ते सगळे लोक परत फोन करून मला शिव्या द्यायचे. काकांनी कंपनीला फोन लावला. तिथला इंजिनिअर कुठल्याशा लांबच्या शहरात बसून कॉम्प्युटरवर बघायचा. तो म्हणाला, "सर, हमारे साइड से क्लियर है."

या एका वाक्याने काकांचं बीपी वाढायचं. खात्यात आयुष्यभर त्यांनी ते ऐकलं होतं. "सगळ्यांच्या बाजूनं क्लिअर असतं," ते म्हणायचे, "फक्त मधी बोलनारा माणूस मरतो." पण रागाच्या भरात त्यांनी त्याला काय उत्तर दिलं? "बेटा, हमारे साइड से भी क्लियर है."

शुक्रवारपर्यंत दोन्ही बाजू क्लिअर होत्या आणि फोन बंद.

अॅडमिन साहेबांनी एका विक्रेत्याला बोलावलं. तो म्हणाला, हे एक्स्चेंजच जुनं झालंय. नवीन घ्या, त्यात रेकॉर्ड केलेला आवाज फोन उचलतो, एक दाबा, दोन दाबा. "ऑपरेटर की जरूरत ही नहीं." साहेबांनी माझ्यासमोरच मान डोलावली. घरी येऊन मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. फ्लॅटचं कर्ज होतं, आणि पस्तिशी उलटलेल्या टेलिफोन ऑपरेटरला कोण नवीन नोकरी देणार?

त्याच शुक्रवारी दुपारी आणखी एक झालं होतं. घोडबंदरवरून एका मुलीचा फोन आला. वडिलांच्या छातीत दुखतंय, अॅम्ब्युलन्स पाठवा. ती रडत होती, पत्ता धड सांगता येत नव्हता. "किल्ल्याच्या बाजूला... मंदिराच्या मागं..." आणि लाइन पडली. माझ्या बोर्डावर तिचा नंबर दिसत होता. मी माझ्या मोबाइलवरून लावला. दोनदा बिझी. ती बिचारी आमच्या मेलेल्या लाइनवर परत परत फोन करत होती. तिसऱ्यांदा लागला. अॅम्ब्युलन्स वेळेत गेली, वडील वाचले.

काकांना मी हे फोनवर सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं परत लाइन गेली.

शनिवारी अकराला साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग होती. काका साडेआठलाच आले. कार्ड बाहेर काढलं, खिडकीपाशी नेलं, चष्मा वर केला, खाली केला. मग मला हाक मारली.

"बाय, जरा बग. दोनी टोप्या खालच्या बाजूला हायेत ना?"

मी कार्ड हातात घेऊन बघितलं. "काका, एक खाली आहे. एक वर."

"नीट बग."

"नीटच बघितलं. ही वर आहे."

त्यांनी माझ्या बोटाखाली आपलं बोट आणून त्या टोपीला हात लावला. मग स्टुलावर बसले. बुधवारच्या रिपोर्टमध्ये त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: दोन्ही जंपर बदलले. ती फाइल तिथंच टेबलावर होती.

मी हळूच म्हटलं, "सरकवून टाका ना काका. कोण बघतंय?"

"तू बगितलास ना."

"मी कशाला सांगतेय कुणाला?"

त्यांनी टोपी खाली बसवली, कार्ड परत घातलं. मी दोन कॉल लावून बघितले. कट-कट आवाज गेला होता. काचेसारखा स्वच्छ आवाज. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि चार मिनिटांनी लाल दिवा लागला, लाइन पडली.

आता मात्र काका ताठ झाले. "म्हंजे दुसरी चूक त्यांची हाय," ते म्हणाले. "आपला सगला बगून झाला."

मला वाटलं, सुटलो. आता मीटिंगमध्ये सगळं कंपनीवर ढकलायचं, साधा हिशेब. काकांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि आम्ही वर गेलो. लाइनबद्दल सांगायला साहेबांनी मलाही बोलावलं होतं. टेबलावर दोन लिफाफे होते. एक काकांचं काम बंद करायचं पत्र, एक कंपनीची लाइन बंद करायचं. ज्याची चूक निघेल त्याला लिफाफा. साहेबांनी आपला मोबाइल स्पीकरवर टाकला आणि इंजिनिअरला म्हणाले, "बोलो."

"सर, हमारे साइड से क्लियर है."

साहेबांनी काकांकडे बघितलं. "आता तुम्ही बोला."

काका उभे राहिले. खात्यात बहुतेक उभं राहूनच बोलायची पद्धत असावी. पण खात्याची मराठी त्यांनी काढली नाही. मोबाइलकडे वाकून म्हणाले, "बेटा, गलती हमारे साइड का है. बुधवार को मैंने एक जंपर बदला, एक रह गया. रिपोर्ट में दोनों लिखा. आज सुबह ठीक किया."

साहेबांचा हात लिफाफ्याकडे गेला. मी डोळे मिटले. माझ्या डोक्यात एकच: गेलं, काकांचंही गेलं आणि आमचंही.

साहेब मोबाइलला म्हणाले, "हॅलो?"

"सर, एक मिनट होल्ड कीजिए." इंजिनिअरचा आवाज बदलला होता. कीबोर्डची टकटक ऐकू आली. खूप वेळ. मग तो म्हणाला, "सर... फॉर्म में चेकिंग बंद लिखा है. मैं इतने दिन फॉर्म ही देख रहा था. अभी डिब्बे के अंदर जाके देखा, वहाँ चालू है. मैंने ही चालू छोड़ा था."

बोलण्याबरोबर पडताळणीचे आकडे पाठवायचे की नाही, अशी एक सेटिंग असते. ती दोन्हीकडे चालू हवी किंवा दोन्हीकडे बंद. आमच्याकडे बंद; त्यांच्याकडे फॉर्मवर बंद, पण डब्यात चालू. त्यांचा डबा आमच्या आकड्यांची वाट बघायचा, आकडे आले नाहीत की लाइन पाडायचा. काकांनी मला हे नंतर समजावलं. तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "कोई बात नहीं बेटा. बंद कर दे. मैं लाइन पे हूँ."

खरी पंचाईत झाली ती साहेबांची. दोन लिफाफे, दोन गुन्हेगार, दोघांनी कबूल केलेलं आणि दोघांनी मिळून फोन चालू केलेला. त्यांनी एकदा लिफाफ्यांकडे बघितलं, एकदा काकांकडे. शेवटी दोन्ही खणात टाकले आणि म्हणाले, "आधी टेस्ट करा. दहा मिनिटं सलग बोलून दाखवा."

मी खाली बोर्डावर गेले आणि काकांचा मोबाइल लावला. ते जिन्यात उभे होते. आता दहा मिनिटं बोलायचं काय? काका फोनवर कधी तीन वाक्यांच्या वर बोललेले मी ऐकले नव्हते.

"हां बाय, बोल."

"तुम्हीच बोला काका."

"काय बोलू? ... च्या झाली का?"

"झाली."

दोन मिनिटं आम्ही चहावर काढली. तिसरं मिनिट हवेवर. चौथं सुरू झालं तशी मी लाल दिव्याकडे बघत बसले. दिवा लागला नाही. आणि पाचव्या मिनिटाला काका म्हणाले, "डाव्या डोल्याला धुका हाय. सा महिने झाले. घरी सांगितला न्हाय."

"काका! मग डॉक्टरांना दाखवलं का नाही?"

"दाखवला तं ते आप्रेशन सांगतील. मग कार्ड कोन बगनार?"

मी त्यांना होल्डवर न टाकताच दुसऱ्या बटणावरून दुसऱ्या मजल्यावरची डोळ्यांची ओपीडी लावली आणि सोमवारची वेळ घेतली. काकांना सगळं ऐकू येत होतं. ते "न्हाय, न्हाय, थांब" म्हणत राहिले. अकरा मिनिटं लाइन एकदाही तुटली नाही.

त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये त्यांनी पहिल्या ओळीतच स्वतःची चूक लिहिली. साहेबांनी तो रिपोर्ट पूर्ण वाचून सही केली. डोळ्याचं ऑपरेशन झालं, हिरव्या पट्टीवर काळा चष्मा लावून काका पंधराव्या दिवशी हजर. आणि तो इंजिनिअर नंतर कुठलीही नवी लाइन जोडायची असली की आधी काकांनाच फोन करायचा. सुरुवात ठरलेली: "सर, फॉर्म नहीं, डिब्बा देख के बोल रहा हूँ."

एक्स्चेंज मात्र शेवटी गेलंच. दोनेक वर्षांनी सगळे फोन इंटरनेटवर आले, आणि रेकॉर्ड केलेली बाईही आली. पण पेशंटच्या आया-आज्या तिला उलट उत्तरं द्यायच्या, दोन दाबायचं सोडून भांडत बसायच्या. म्हणून मला आणि दुपारच्या पाळीच्या ऑपरेटरला अपॉइंटमेंटच्या काउंटरवर ठेवून घेतलं.

जुनं कपाट बंद करायच्या दिवशी काकांना कुणीच बोलावलं नव्हतं. मी बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. काचेचा दरवाजा उघडून म्हणाले, "शेवटचा एक कॉल लाव. आमच्या घरी."

मी नंबर लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडून काकूंचा आवाज मलाही ऐकू आला.

"मी बोलतंय," काका म्हणाले. "हॉस्पिटलातून. आज या मशीनवरून शेवटचाच..."

"बरा झाला फोन केलास," काकू म्हणाल्या. "येताना कोथमीर आन. दोन जुड्या. मागल्या टायमाला पिवली आनलीस." आणि फोन ठेवला.

काकांनी रिसीव्हर ठेवला आणि मागचं बटण बंद केलं. दिवे एकेक करून विझले. पंख्याची घरघर थांबली तेव्हा कळलं, इतकी वर्षं ती चालू होती. मला वाटलं, आता काका काहीतरी बोलतील. त्यांनी रुमालाने कपाटावरची धूळ पुसली आणि विचारलं, "बाय, इथं कोथमीर बरी कंच्या बाजूला मिलतं?"

समोरच्या रस्त्यावर आम्ही तीन भाजीवाल्यांकडे गेलो. काकांनी प्रत्येक जुडी उन्हाकडे धरून, नव्या डोळ्याने पान न् पान बघून नापास केली. चौथ्याकडे पास झाली. त्यांनी तीन जुड्या घेतल्या, एक माझ्या हातात कोंबली, "तुला," म्हणाले, स्कूटरला किक मारली आणि गर्दीतून घोडबंदरच्या दिशेने निघून गेले.

माझी पाळी संपायला अजून दोन तास होते. मी कोथिंबीर घेऊन काउंटरवर येऊन बसले. डोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता. समोर रांगेत एक आजी उभ्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग जुडीकडे, आणि काळजीने विचारलं,

"कोथिंबीर कशावर सांगितलीय गं डॉक्टरांनी?"

मला एकदम हसू फुटलं. "नाव सांगा आजी," मी म्हटलं.